अंगणातले पाणी शेजाऱ्याच्या दारात नको

जयंतीच्या पताका अजून गल्लीत आहेत आणि ऊन मी म्हणते आहे. अशा दिवसांत गटाराविषयी कोण वाचणार, असे वाटेल. पण अंगणाची आणि नालीची कामे करायचे दिवस हेच. बुद्धपौर्णिमा उलटली की उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापुरात गवंडी हाती लागत नाही आणि जूनमध्ये ओल्या जमिनीवर घातलेला कोबा नीट धरत नाही. म्हणून या महिन्याच्या आरोग्य पानावर आम्ही औषधांविषयी नव्हे, उताराविषयी बोलणार आहोत.

विषय तसा जुनाच आहे. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात विहाराच्या आवारात चिखल होतो, अशी तक्रार भगवान बुद्धांकडे आल्याची नोंद आहे. त्यांनी आधी खडी पसरण्याची अनुमती दिली. तेवढ्याने भागेना, तेव्हा फरशा बसवण्याची दिली. फरशांवर पाणी साचू लागले, तेव्हा पाणी वाहून नेणारी नाली करण्याची दिली. हा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. आपल्या वस्त्यांत बहुतेकांचे पैसे पहिल्या दोन पायऱ्यांवरच संपतात. पाणी साचले की एक टेम्पो डेब्रिज टाकायचे, पुढच्या वर्षी त्यावर कोबा, त्याच्या पुढच्या वर्षी टाइल्स. नाली राहून जाते. पाणी जिथे होते तिथेच राहते किंवा शेजारच्या खोलीत शिरते.

आपल्याच वस्त्यांत हे जास्त का, याचे उत्तर जमिनीत आहे. उल्हासनगर मुळात दुसऱ्या महायुद्धातली लष्करी छावणी. फाळणीनंतर तिथे सिंधी निर्वासितांना बराकींत वसवले गेले आणि 1949 साली उल्हासनगर हे नाव मिळाले. शेजारी अंबरनाथला ऑर्डनन्स फॅक्टरी, काडेपेटीचा कारखाना, पुढे एमआयडीसी. कामाच्या शोधात गावाहून आलेल्या आपल्या लोकांच्या वाट्याला बहुतेक वेळा उरलेली जागा आली. वालधुनीचा काठ, रुळांची कड, टेकडीचा उतार. पाण्याच्या वाटेवर आपण हौसेने राहायला गेलो नाही. पण आता राहतो आहोत, तर पाण्याला वाट द्यावी लागेल.

पाणी किती असते, हे आधी पाहू. दहा बाय वीस फुटांचे पत्र्याचे छप्पर धरा. एका दिवसात शंभर मिलिमीटर पाऊस पडला, जो जुलैत इकडे नवलाचा नाही, तर त्या एका छपरावरून साधारण 1,850 लिटर पाणी खाली येते. म्हणजे दोनशे लिटरचे नऊ ड्रम. चाळीस घरांच्या गल्लीत किती, हे ज्याने त्याने मांडून पाहावे. बहुतेक घरांत हे पाणी पागोळीतून थेट जोत्याच्या बुडाशी पडते, भिंतीत मुरते आणि आतल्या खोलीची भिंत कमरेएवढी ओली होते. दमेकरी माणसाचा आणि लहान मुलांचा खोकला अशा घरात पावसाळाभर थांबत नाही. यावर सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे पत्र्याला पन्हळ लावून पाणी एका पाइपने नालीपर्यंत नेणे. टाइल्सआधी पन्हळ, असे आमचे स्पष्ट मत आहे.

साचलेल्या पाण्याचे बाकीचे आजार तुम्हाला ठाऊक आहेत, तरी दोन गैरसमज दूर करू. गटारातल्या घाण पाण्यात वाढतो तो क्युलेक्स डास. हत्तीरोग पसरवणारा हाच. डेंग्यू आणि चिकुनगुनियाचा एडिस डास मात्र स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो, म्हणजे ड्रम, टायर, गच्चीवरची फुटकी बादली. अंड्यातून उडता डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून नाली झाली तरी आठवड्यातून एक दिवस ड्रम रिकामा करून घासायलाच हवा. दुसरा गैरसमज असा की गटाराचा आणि पिण्याच्या पाण्याचा संबंध नाही. आपल्याकडे नळाला पाणी ठरावीक वेळच येते. ते बंद झाले की पाइपमधला दाब जातो, आणि गटारातून गेलेल्या पाइपचा जोड सैल असेल तर बाहेरचे घाण पाणी आत ओढले जाते. दुसऱ्या दिवशी पहिली कळशी भरते ती या पाण्याची. कावीळ, टायफॉइड, जुलाब यांची एक वाट ही आहे. तुमच्या घरचा नळाचा पाइप गटारातून जातो का, ते आजच वाकून पाहा. जात असेल तर प्लंबरकडून तो भिंतीवरून वर घेणे हे या यादीतले पहिले काम.

आता अंगण. काहीही फोडण्याआधी दोन बादल्या पाणी ओतून ते कुठे जाते, कुठे थांबते हे पाहा आणि थांबलेल्या जागी खडूने रेघ मारा. कोब्याचा उतार भिंतीकडून बाहेर हवा, दर फुटाला पाव इंच. डोळ्यांना हा उतार दिसत नाही, आणि डोळ्याच्या अंदाजावरच बहुतेक कोबे बिघडतात. गवंड्याकडे पारदर्शक नळीची लेव्हल असते. नळीत पाणी भरले की दोन्ही टोकांचे पाणी एकाच पातळीवर उभे राहते. एक टोक भिंतीशी, दुसरे नालीशी धरून खाली फूटपट्टी लावा. फरक तिथेच कळतो. नळीत हवेचा बुडबुडा मात्र राहू देऊ नका, नाहीतर माप खोटे येते.

नालीला दहा फुटांना किमान एक ते दीड इंच उतार द्यावा आणि तिचा तळ सपाट न करता गोल करावा. उन्हाळ्यात नालीत थोडेच पाणी असते. सपाट तळावर ते पसरते, वेग जातो, गाळ बसतो. गोल तळात तेच पाणी मधून जोरात वाहते. चार इंची पीव्हीसी पाइप उभा अर्धा कापून बसवला तरी काम होते. मोरीच्या तोंडाशी जाळी आणि नहाणी ट्रॅप हवाच. ट्रॅपमधल्या पाण्यामुळे गटाराचा वास, झुरळे आत येत नाहीत. भाताची पेज, राख, केस मोरीत सोडू नका. तुंबलेल्या मोरीत अॅसिड ओतून वर ब्लीचिंग पावडर टाकणारी घरे आम्ही पाहिली आहेत. त्यातून क्लोरिन वायू निघतो, बंद न्हाणीत तो फुप्फुसाला इजा करतो. हे कधीच करू नये.

शोषखड्ड्याविषयी बरेच जण विचारतात. बदलापूरच्या कडेला, जिथे मुरूम आहे आणि अंगण मोकळे आहे, तिथे एक मीटर लांब-रुंद-खोल खड्ड्यात दगड भरून मोरीचे पाणी जिरवता येते. दाटीच्या वस्तीत तो घराच्या पायाशीच येतो, आणि नदी-नाल्याजवळ जुलैत जमीन आधीच पाण्याने भरलेली असते. तिथे त्याच्या नादी लागू नये.

इथपर्यंत एका घराचे झाले. अवघड भाग गल्लीचा आहे. एका घराने अंगण चार इंच उचलले की पाणी पुढच्या घरी जाते. त्याने उचलले की त्याच्या पुढच्या. शेवटचे घर बहुधा एकट्या म्हाताऱ्या आजीचे किंवा भाडेकरूचे असते, ज्याला उचलायला पैसे नसतात. म्हणून काम शेवटच्या घरापासून सुरू करावे. आधी गल्लीची नाली मोठ्या गटाराला जिथे मिळते ती जागा बघा. गटाराचा तळ नालीपेक्षा खाली आहे का? ते तोंड गाळाने भरले आहे का? तिथे अडले असेल तर वरच्या चाळीस घरांचा उतार फुकट. आणि बोलायला कडू असले तरी बोलू: नालीवर ओटा, जिना, धुण्याची मोरी बांधून तिला कायमचे झाकणारे आपणच आहोत. निदान दर सहा-सात फुटांवर उचलता येईल अशी लादी ठेवावी. विहारात बैठक घेऊन हे ठरवता येते. तिथे सगळी घरे एकत्र बसतात, आणि पावसाळ्याआधी बसली तर वर्षावासात ग्रंथवाचनाला येणाऱ्यांचे पायही कोरडे राहतील.

नाली साफ करायची म्हणजे हाताने वरून गाळ काढायचा. चेंबरमध्ये किंवा सेप्टिक टँकमध्ये कुणीही उतरायचे नाही. पाचशे-हजार रुपये देऊन कुणाला उतरवायचेही नाही. आत हायड्रोजन सल्फाइड असतो. सुरुवातीला सडक्या अंड्यांचा वास येतो, पण प्रमाण वाढले की नाकाला वास कळणेच बंद होते आणि माणूस जागीच कोसळतो. त्याला काढायला उतरलेला दुसराही जातो. 2013 च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय असे काम करून घेणे गुन्हा आहे. पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हा कायदा पालिकेला लागू आहे तसा घरमालकालाही आहे. गटारात मृत्यू झाल्यास तीस लाख रुपये भरपाई द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2023 मध्ये सांगितले. तिथे मरणारा माणूस कोणत्या वस्तीतला असतो, हे या मासिकाच्या वाचकांना सांगायला नको. चेंबर तुंबले तर पालिकेची सक्शन गाडी मागवायची.

मोठे गटार, नाला, रस्ता ही कामे उल्हासनगर महानगरपालिकेची, अंबरनाथ नगरपरिषदेची किंवा कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेची आहेत. ती वर्गणी काढून करू नयेत. अर्ज लेखी द्या, सोबत फोटो जोडा आणि प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घ्या. अर्जावर एकट्याची नको, सगळ्या गल्लीची सही असावी, त्यात महिलांच्या सह्या जरूर असाव्यात, कारण पहाटे त्या पाण्यातून कळशी घेऊन त्याच जातात. नाल्याचे काम मंजूर होऊन दिसत नसेल तर माहिती अधिकारात अंदाजपत्रक आणि मोजमाप वहीची प्रत मागा. रस्त्याचे काँक्रीट होणार असेल तर आणखी जागे राहा. जुना थर न काढता नवा ओतला की रस्ता अर्धा फूट वर जातो आणि घरे खड्ड्यात बसतात. काम सुरू होण्याआधीच जुना थर खणून काढण्याची मागणी लेखी करावी. नंतर भांडून रस्ता खाली जात नाही.

काही ठिकाणी अंगणाच्या दुरुस्तीने भागणार नाही, हेही सांगितले पाहिजे. बदलापुरात उल्हास नदी फुगली की गटारांतून पाणी उलटे येते. 2005 आणि 2019 च्या जुलैत ते सर्वांनी पाहिले. अशा घरांनी बाहेर जाणाऱ्या पाइपला पाणी उलटे येऊ न देणारा व्हॉल्व्ह बसवावा, विजेची बटणे छातीच्या उंचीवर घ्यावीत, जातीचा दाखला आणि रेशनकार्ड प्लास्टिकमध्ये वरच्या फळीवर ठेवावे. वालधुनीकाठच्या घरांना रसायनांचा वेगळा धोका आहे. 2014 साली नाल्यात सोडलेल्या रसायनामुळे उल्हासनगरात कितीतरी लोकांना रुग्णालयात न्यावे लागले होते. अचानक उग्र वास आला, डोळे चुरचुरले, तर दारे लावून बसू नका. तोंडावर ओले फडके धरून वाऱ्याच्या आडव्या दिशेने, उंच जागी जा आणि 112 वर फोन करा.

पुराच्या पाण्यातून चालावे लागले आणि पायाला जखम असेल तर घरी येऊन पाय साबणाने धुवा आणि एक-दोन दिवसांच्या आत सरकारी दवाखाना गाठा. उंदराच्या मुतातून होणाऱ्या लेप्टोसाठी तिथे डॉक्टर प्रतिबंधक गोळी देतात. गरोदर बाईने आणि लहान मुलांसाठी ती स्वतःच्या मनाने घेऊ नये. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, पोटऱ्या ठणकणे, डोळे लाल होणे यांपैकी काही दिसले तर मेडिकलमधून तापाची गोळी आणून थांबू नका. पाण्यातून चाललो होतो, हे डॉक्टरांना आपण होऊन सांगा.