शर्यतीतला पहिला, बास्केटबॉलमध्ये कितवा?

आज आधी एक कोडं घालते. तुम्ही एका बास्केटबॉल संघाचे मालक आहात असं समजा. समोर दोन तरुण उभे आहेत. पहिला आहे १०० मीटर शर्यतीतला जगज्जेता, आणि लांब उडीतलाही! दुसरा कॉलेजात तीन वर्षं बास्केटबॉल खेळलेला. आधी कोणाला घ्याल?

उत्तर ठरलं? आता खरी हकिगत ऐका. १९८४ च्या जून महिन्यात अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल संघांनी आपापले नवे खेळाडू निवडले. शिकागो बुल्स या संघाने या दोघांचीही नावं घेतली. पहिला तरुण म्हणजे कार्ल लुईस आणि दुसरा मायकेल जॉर्डन. सगळ्या संघांच्या निवडीत मिळून जॉर्डनचा नंबर लागला तिसरा, तर लुईसचा चक्क २०८ वा!

त्याच उन्हाळ्यात लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये लुईसने चार सुवर्णपदकं पटकावली. पण शिकागोसाठी तो एकही सामना खेळला नाही. कॉलेजातही तो बास्केटबॉल खेळलेला नव्हता. जॉर्डनने मात्र पुढे शिकागोला सहा वेळा अजिंक्यपद मिळवून दिलं.

म्हणजे वेगाला काहीच किंमत नाही की काय? छे, छे! तसं मुळीच नाही.

विद्यापीठांची शोधाशोध

अमेरिकेत विद्यापीठांचे प्रशिक्षक शाळाशाळांतून चांगले खेळाडू हेरत फिरतात. निवड झाली की शिष्यवृत्ती मिळते. शिकण्याचा, राहण्या-जेवणाचा मोठा खर्च सुटतो. घरची परिस्थिती बेताची असेल तर या निवडीवर मुलाचं पुढचं सगळं शिक्षण अवलंबून असतं.

तिथल्या शाळांत खेळ ऋतूंप्रमाणे वाटलेले असतात. हिवाळ्यात बास्केटबॉल आणि वसंत ऋतूत धावणं, उड्या, फेक. त्यामुळे एकच मुलगी हिवाळ्यात चेंडू घेऊन चमकते आणि वसंतात धावण्याची शर्यतही जिंकते. अशा वेळी प्रशिक्षकाला प्रश्न पडतो, हिचा हा वेग माझ्या मैदानावर कामाला येईल का?

मैदान केवढं, वेग केवढा?

याचं अर्धं उत्तर मैदानाच्या मापातच दडलंय. कॉलेजातल्या बास्केटबॉलचं मैदान ९४ फूट लांब असतं, म्हणजे साडेअठ्ठावीस मीटरपेक्षा थोडं जास्त. आता उसेन बोल्टचं घड्याळ बघू. २००९ साली बर्लिनमध्ये त्याने १०० मीटर अंतर ९.५८ सेकंदांत पार केलं. त्यातले पहिले १० मीटर धावायला त्याला १.८९ सेकंद लागले. ६० ते ७० मीटर हा टप्पा मात्र त्याने अवघ्या ०.८१ सेकंदात संपवला. म्हणजे त्याचा खरा वेग अर्ध्या शर्यतीनंतर दिसतो. बास्केटबॉलचं मैदान तर तोवर कधीच संपलेलं असतं!

आणखी एक गंमत. धावपटूला स्वतःची लेन असते, हात मोकळे असतात आणि शर्यत संपल्यावर हळूहळू थांबायला पुढे जागा असते. बास्केटबॉलमध्ये चेंडूचे टप्पे मारत पळायचं, समोर कुणी आलं की वळायचं, मध्येच गपकन थांबायचं. थांबता आलं नाही आणि चेंडू हातात धरून जास्त पावलं पडली, तर पंच शिट्टी वाजवतात. त्याला ट्रॅव्हलिंग म्हणतात. आधीपासून जागा धरून उभ्या असलेल्या खेळाडूवर धडकलात तर फाऊल. म्हणजे ज्याला ब्रेक लावता येत नाही, त्याचा वेग त्याच्यावरच उलटतो. आपल्या खो-खोसारखंच! नुसतं सुसाट पळणारा खांबाजवळ वळताना चुकतो आणि हुलकावणी देणारा निसटतो.

मग वेग कुठे उपयोगी पडतो? प्रतिस्पर्ध्याकडून चेंडू हिसकावला की ते सावरायच्या आत त्यांच्या बास्केटपाशी पोहोचायला. आणि आपला चेंडू गेला की धावत मागे येऊन बचाव करायला. तेही एकदा नव्हे, तर ४० मिनिटांच्या सामन्यात पुन्हा पुन्हा.

वेग आणि चेंडू, दोन्ही हातात

वेगाचं सोनं करणारी एक मुलगी होती मॅरियन जोन्स. कॅलिफोर्नियात शाळेत असतानाच ती राज्यातल्या शर्यती जिंकायची आणि बास्केटबॉलही खेळायची. १९९४ साली नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाच्या मुलींनी राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवलं. अंतिम सामना ६०-५९ असा फक्त एका गुणाने जिंकला! मॅरियन तेव्हा कॉलेजच्या पहिल्याच वर्षात होती आणि चेंडू पुढे नेऊन डाव रचण्याची जबाबदारी तिच्याकडे होती. वेग होताच, पण चेंडूही लहानपणापासून हाताळलेला होता.

तिची पुढची कथा दुःखाची आहे, पण तीही तुम्हांला कळायला हवी. २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये तिने पाच पदकं मिळवली. २००७ साली तिने बंदी असलेली द्रव्यं घेतल्याचं कबूल केलं आणि ती पदकं गेली. २०१० मध्ये, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, ती व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये उतरली, पण तिथे फारशी चमकली नाही. वय वाढलं होतं हे खरं. पण इतकी वर्षं चेंडूपासून दूर राहिल्यावर हात तरी पूर्वीसारखा कसा चालणार?

दुसरी जॅकी जॉयनर-केर्सी. ही ईस्ट सेंट लुईस गावची. लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठात ती शिष्यवृत्तीवर गेली ती बास्केटबॉलसाठी! तिथे ती बास्केटबॉल खेळत राहिली आणि हेप्टॅथलॉनही करत राहिली. हेप्टॅथलॉन म्हणजे सात प्रकारांची स्पर्धा. त्यात धावणं आहे, अडथळे आहेत, उड्या आहेत, गोळाफेक आणि भालाफेकही आहे. १९८४ साली तिचं ऑलिंपिक सुवर्ण अवघ्या पाच गुणांनी हुकलं. १९८८ साली सोलमध्ये तिने ७२९१ गुण मिळवून विश्वविक्रम केला. तो अजून कोणी मोडलेला नाही. तिला दमा होता, हे सांगितलं तर खरं वाटेल का?

मुलांमध्ये बिल रसेलचं नाव घ्यायला हवं. सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठात तो उंच उडीही मारायचा. त्याच्या संघाने १९५५ आणि १९५६ अशी सलग दोन वर्षं राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवलं. त्याची उडी तर मोठी होतीच, पण कोणत्या क्षणी उडायचं हे त्याने घोटून घेतलं होतं. प्रतिस्पर्ध्याचा चेंडू अडवताना तो मैदानाबाहेर न भिरकावता हळूच आपल्या साथीदाराकडे ढकलायचा.

आणि आता उलट उदाहरण. लॅरी बर्ड फार वेगवान म्हणून कधीच ओळखला गेला नाही. तरी त्याने १९७९ साली इंडियाना स्टेट विद्यापीठाला अंतिम सामन्यापर्यंत नेलं. व्यावसायिक झाल्यावर तर १९८४ ते १९८६ अशी लागोपाठ तीन वर्षं तो सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्याचं शस्त्र काय? अचूक नेम, आणि चेंडू कुठे जाणार हे आधीच ओळखणारी नजर. ज्याला आधी कळतं, त्याला कमी पळावं लागतं!

यूसीएलएला दहा राष्ट्रीय अजिंक्यपदं मिळवून देणारे प्रशिक्षक जॉन वुडन पूर्वी शाळेत इंग्रजी शिकवत. चपळ राहा पण घाई करू नका, असं ते खेळाडूंना बजावत. मोजे आणि बूट नीट कसे घालायचे, इथपासून ते शिकवत. पायाला फोड आला तर वेग काय कामाचा?

करून पाहा

मैदानावर दहा मीटरवर दोन रेघा आखा. आधी सगळ्यांनी सरळ ३० मीटर धावून वेळ टिपा. मग त्याच दोन रेघांमध्ये वळत वळत तीन फेऱ्या धावा. अंतर तेवढंच, ३० मीटर. तिसऱ्यांदा चेंडूचे टप्पे मारत तेच करा. तिन्ही वेळचे क्रमांक शेजारी शेजारी लिहा. पहिला आलेला तिन्ही वेळा पहिलाच राहिला का? ज्याची वेळ चेंडू घेतल्यावर फारशी वाढली नाही, त्याचं नाव अधोरेखित करून ठेवा.

पालकांसाठी थोडंसं

शर्यतीत पहिला आलेला मुलगा सगळ्याच खेळांत पुढे राहील असं धरून चालू नका. आणि सातवी-आठवी आलेल्या मुलीला ‘तुझं काम नाही ते’ असंही म्हणू नका. एका खेळातून दुसऱ्या खेळात पायांची ताकद जाते, दम जातो, हार पचवायची सवय जाते. हात आणि नजर मात्र त्या त्या खेळाच्या सरावातूनच तयार होतात. म्हणून लहान वयात दोन-तीन खेळ मनसोक्त खेळू द्या. संघ निवडताना शर्यत लावून पहिले दहा घेणं सोपं असतं. पण अकराव्याच्या हातात चेंडू देऊन एकदा बघायला काय हरकत आहे?