पार्टिशन पुसले गेले, मजकूर नव्हे

एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स या दोन प्रणाली नांदत असताना, जागा अपुरी पडते म्हणून एखाद्या गृहस्थाने निरुपयोगी वाटणारे एक पार्टिशन काढून टाकावे आणि संगणक पुन्हा सुरू करताच काळ्या पडद्यावर 'एरर: नो सच पार्टिशन' व त्याखाली 'ग्रब रेस्क्यू' एवढीच अक्षरे उमटावीत, हा प्रसंग पुष्कळांवर येतो, आणि छायाचित्रे, पत्रे, हिशेब सारेच गेले अशा समजुतीने जी घाईची धडपड सुरू होते, तीच बहुधा खऱ्या नुकसानीस कारण होते.

पार्टिशन ही वस्तुतः महसूल दप्तरातील हद्दीसारखी नोंद असते. उतारा फाटला म्हणून शेतातले पीक जळत नाही. १९८३ सालच्या पीसी डॉस २.० पासून रूढ झालेल्या पद्धतीत ही नोंद डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांत असते: ६४ बाइट चार मुख्य पार्टिशनांच्या नोंदींना आणि ४४६ बाइट संगणक सुरू करणाऱ्या चिमुकल्या आज्ञावलीला. अलीकडच्या जीपीटी पद्धतीत नोंदींना ऐसपैस जागा मिळाली, शिवाय त्यांची दुसरी प्रत डिस्कच्या अखेरीस ठेवण्याची तजवीजही झाली.

त्या ४४६ बाइटांत ग्रबचा, म्हणजे संगणक सुरू होताना प्रणाली निवडू देणाऱ्या प्रोग्रामचा, सगळा कारभार मावणे अशक्य. म्हणून त्याच्या उरलेल्या फायली लिनक्सच्या पार्टिशनात राहतात आणि त्या पार्टिशनाचा क्रमांक तो लक्षात ठेवतो. जुन्या पद्धतीत चार मुख्य पार्टिशनांखेरीजच्या, म्हणजे लॉजिकल पार्टिशनांचे क्रमांक पाचापासून सुरू होतात. पाचवे काढले की सहावे आपोआप पाचवे होते, आणि ग्रब बिचारा अस्तित्वात नसलेले सहावे शोधत राहतो.

अशा वेळी 'एलएस' ही आज्ञा देऊन पार्टिशनांची यादी काढावी, एकेकात डोकावून 'बूट' फोल्डरातील 'ग्रब' कोठे आहे ते पाहावे, 'सेट रूट' व 'सेट प्रीफिक्स' यांनी तो पत्ता नोंदवावा आणि मग 'इन्समॉड नॉर्मल' व 'नॉर्मल' असे लिहावे, म्हणजे परिचित मेनू परत दिसतो. ही व्यवस्था तात्पुरती असल्याने लिनक्स सुरू होताच 'ग्रब-इन्स्टॉल' ही आज्ञा पार्टिशनावर न चालवता संपूर्ण डिस्कवर चालवणे अगत्याचे आहे. लिनक्सच काढून टाकले असेल, तर जुन्या यंत्रावर विंडोजच्या पेनड्राइव्हवरून 'बूटरेक /फिक्सएमबीआर' चालवावे; यूईएफआय ही नवी बूट-व्यवस्था असलेल्या यंत्रात विंडोज बूट मॅनेजरला बूटक्रमात प्रथम स्थान दिले की बहुधा भागते.

हवे असलेले पार्टिशनच हातून गेले असेल, तर मात्र तेथे नवे आखू नये, फॉरमॅट तर मुळीच करू नये. शक्य असल्यास आधी अख्ख्या डिस्कची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यावी. मग पेनड्राइव्हवरून चालणाऱ्या लिनक्समधून टेस्टडिस्क हा मोफत प्रोग्राम चालवावा. तो जुन्या हद्दींच्या खुणा शोधून यादी मांडतो. त्या यादीतल्या पार्टिशनावर 'पी' ही कळ दाबून आपल्या फायली खरोखर दिसतात का ते पाहावे, आणि दिसल्या तरच 'राइट' निवडावे.