घरातली यंत्रं (भाग ११) : गॅस गिझर पेटत नाही तेव्हा

मागच्या आठवड्यात विजेच्या गिझरची कॉइल आणि थर्मोस्टॅट पाहिला. आज गॅसचा गिझर. थंडी सुरू झाली की सर्वांत जास्त तक्रारी याच्याच येतात, आणि त्यातल्या निम्म्या तरी मेकॅनिकला न बोलावता सुटण्यासारख्या असतात.

आधी तो पेटतो कसा, ते पाहू. गिझरमध्ये पाणी साठवलेलं नसतं. नळ उघडला की वाहत्या पाण्याच्या दाबाने आतला रबरी पडदा पुढे सरकतो, तो एक छोटा स्विच दाबतो, दोन सेलमधली ३ व्होल्टची वीज ठिणगी पाडते आणि गॅसचा व्हॉल्व्ह उघडते. ज्योत लागली की तिच्याजवळची सळई ‘जाळ आहे’ असा निरोप देते. निरोप आला नाही तर गॅस बंद होतो. पाणी, ठिणगी, गॅस, जाळ अशी ही साखळी आहे, आणि ती कुठे तुटली ते बहुतेक वेळा कानांनीच कळतं.

नळ उघडल्यावर टकटक अजिबातच येत नसेल, तर एक तर सेल संपलेत किंवा पाण्याला जोर नाही. टकटक येते पण ज्योत लागत नाही, तेव्हा आधी सेल बदला. मरत आलेले सेल ठिणगी पाडतात, पण व्हॉल्व्ह उघडून धरण्याइतका दम त्यांच्यात नसतो. दोन्ही सेल एकदमच बदलावेत आणि कप्प्यातल्या पट्ट्यांवर हिरवट-पांढरी भुकटी जमली असेल तर ती घासून काढावी. सिलिंडर नुकताच बदलला असेल, तर नळीतली हवा निघून जाईपर्यंत दोन-तीनदा नळ उघडबंद करावा लागतो. आणि ज्योत लागून लगेच विझत असेल, तर निरोप देणाऱ्या सळईवर काजळी धरली आहे असं समजा. ते काम माहीतगाराचं.

आमच्याकडे सोसायटीची टाकी धुतली, त्याच्या दुसऱ्या दिवशी गिझर मुका झाला. सेल नवे होते. मेकॅनिकने फोनवरच सांगितलं, आतलं किट बदलावं लागेल. तो येईपर्यंत मी गिझरखालचा पाण्याचा कॉक बंद केला आणि थंड पाण्याच्या नळीचा नट सोडवला. आत अंगठ्याच्या नखाएवढी एक जाळी असते. ती बोटांवर घेऊन उजेडात धरली, तर पलीकडचं काहीच दिसेना. बारीक वाळू, शेवाळाचा हिरवा थर आणि मधोमध प्लंबरच्या पांढऱ्या टेपची चुरगळलेली पट्टी. जुन्या टूथब्रशने जाळी घासली, वायसर जागेवर बसवून नट आवळला, आणि पहिल्याच टकटकीला गिझर पेटला. टाकी धुतल्यावर किंवा पाईपचं काम झाल्यावर ही जाळी आधी पाहा.

वरच्या मजल्यावरच्यांचं दुखणं वेगळं. टाकी डोक्यावरच असते, त्यामुळे पाण्याला उंचीचा जोर मिळत नाही. बऱ्याच गिझरना पेटायला निदान अडीच मीटर उंचीवरून येणाऱ्या पाण्याइतका दाब लागतो. खालच्या मजल्यावर धडधडीत चालणारा गिझर वर हलवला की रुसतो, त्यात गिझरचा दोष नसतो. तिथे दाब वाढवणारा छोटा पंपच बसवावा लागतो. एक सोपी परीक्षा करून पाहा. बादलीच्या नळाला गिझर पेटतो आणि शॉवरला पेटत नाही, असं असेल तर शॉवरची भोकं क्षारांनी बुजलेली असू शकतात.

पाणी पूर्वीसारखं कडकडीत तापत नाही, या तक्रारीमागे बहुतेकदा बोअरचं पाणी असतं. तांब्याच्या नळीत आतून क्षारांचा थर चढतो, मग जाळ तेवढाच असूनही पाण्याला ऊब पोचत नाही. वर्षातून एकदा माहीतगाराकडून आतली नळी धुऊन घ्यावी. मात्र रोज तापणारं पाणी एखाद्या सकाळीच कोमट आलं, तर सिलिंडर संपत आला आहे का ते पाहा. गिझर शेगडीच्या एका बर्नरच्या पाच-सहा पट गॅस ओढतो, म्हणून तळाशी गेलेला सिलिंडर शेगडीला पुरतो आणि गिझरला पुरत नाही.

पेटताना ‘भप्प’ असा आवाज येत असेल तर मात्र चालढकल नको. ठिणगीला उशीर होतो, तेवढ्यात गॅस साठतो आणि एकदम पेटतो. सेल बदलूनही आवाज राहिला, तर बर्नरमध्ये धूळ किंवा कोळ्याचं जाळं असणार. तपासून घेईपर्यंत गिझर लावू नका. गॅसचा वास आला तर विजेचं कुठलंही बटण न दाबता रेग्युलेटर बंद करा, खिडक्या उघडा आणि बाहेर येऊन १९०६ वर फोन करा.

हे सगळे बिघाड आवाज करतात, गार पाणी देतात, वास देतात. ज्याच्यासाठी हा भाग लिहायला घेतला, तो बिघाड यातलं काहीच करत नाही. गिझर उत्तम चाललेला असतो, पाणी कढत येत असतं, आणि बंद बाथरूममधली हवा संपत असते.

हिशेब करून पाहू. मिनिटाला सहा लिटर पाणी २५ अंशांनी तापवायला साधारण १५ ग्रॅम गॅस जळतो. तेवढा गॅस नीट जळायला जवळजवळ १९० लिटर हवा लागते. चार बाय सहा फुटांच्या, आठ फूट उंच बाथरूममध्ये हवा असते साडेपाच हजार लिटरच्या आत. दार-खिडकी घट्ट बंद असेल तर दहा मिनिटांत त्यातल्या तिसऱ्या हिश्श्याचा प्राणवायू जाळाला लागतो. तो कमी पडू लागला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. डोकं जड होतं, मळमळतं, गरगरतं, पाय लटपटतात. कडीपर्यंत हात पोचायच्या आत माणूस खाली बसतो.

आपल्या आज्यांच्या तांब्याच्या बंबालाही हीच हवा लागायची. पण बंब अंगणात किंवा परसात पेटायचा, आणि त्याचा धूर डोळ्यांना इतका झोंबायचा की दार लावून त्याच्याशेजारी कोणी बसलंच नसतं. गॅसचा जाळ स्वच्छ दिसतो, म्हणून आपण त्याच्यासोबत कडी लावून घेतो. ज्योत निळीऐवजी पिवळी, लांबट दिसू लागली तर ती अर्धवट जळते आहे, त्याच क्षणी बंद करा. पण ज्योत निळी आहे म्हणून बंद खोलीत निर्धास्त राहू नका. काही गिझर प्राणवायू कमी झाल्यावर किंवा २० मिनिटांनी आपोआप बंद होतात. ती सोय चांगलीच आहे, पण ती हवा आणून देत नाही. नुसत्या एक्झॉस्ट फॅनवरही विसंबू नका. बाहेरून हवा यायला वाट नसेल तर तो जळलेला वायू उलटा खोलीतच ओढू शकतो.

अंघोळीला गेलेलं माणूस हाकेला ओ देत नसेल तर वाट पाहू नका. दार उघडा, नाही तर तोडा, त्याला मोकळ्या हवेत आणा, गिझर बंद करा आणि १०८ ला फोन लावा. शुद्धीवर आलं तरी दवाखान्यात न्यायचंच, कारण रक्तातला वायू लगेच जात नाही.

गिझर ड्राय बाल्कनीत किंवा बाहेरच्या मोकळ्या भिंतीवर, पावसापासून आडोसा करून बसवावा आणि आत फक्त गरम पाण्याचा पाईप आणावा. नवा घेताना आयएस १५५५८ आणि आयएसआय खूण पाहून घ्या. तुमचा गिझर आज बाथरूमच्या आत असेल, तर तो बाहेर निघेपर्यंत एवढं करा : दार उघडं ठेवून बादली भरा, गिझर बंद करा, आतली हवा मोकळी होऊ द्या आणि मगच दार लावून अंघोळ करा. घरातल्या मुलांना आणि म्हाताऱ्या माणसांना हे आजच सांगा. आणि प्लंबरला फोन याच आठवड्यात करा.