चाचणीचा तुकडा ठेवावा कोठे?

कापडाच्या धंद्यातील बांधवांना तुकड्याचे महत्त्व सांगावयास नको. नवा माल आला की आम्ही प्रत्येक लॉटमधून एक तुकडा कापतो, रात्रभर पाण्यात भिजवतो, वाळवून मोजतो. किती आटला, रंग सुटला की काय, ते कळते. पूर्वी हे तुकडे गोदामातील पेटीत पडत आणि लॉटची वही दुकानात असे. तक्रार आली की कोणता तुकडा कोणत्या लॉटचा, हे शोधण्यात दिवस जाई. आता तुकडा त्याच लॉटच्या चिठ्ठीला टाचतो.

गेल्या वर्षी आमच्या पुतण्यापुढे हाच प्रश्न आला. त्याने व त्याच्या मित्रांनी कापड दुकानांसाठी बिलाचा प्रोग्रॅम तयार केला आहे. तो खुला आहे, म्हणजे कोणीही फुकट घ्यावा, आतला कोड वाचावा, बदल सुचवावा. अशा प्रोग्रॅमसाठी चाचण्याही लिहितात: इतके मीटर, इतका भाव, तर रक्कम अमुकच आली पाहिजे. या मंडळींनी कोड एका भांडारात आणि चाचण्या दुसऱ्या भांडारात ठेवल्या होत्या. एकाने मीटरचा आकडा दशांशाच्या एकाच स्थळापर्यंत धरण्याचा बदल केला. चाचण्या त्याच्या नजरेसमोर नव्हत्या, त्याने त्या चालवल्याच नाहीत. सव्वादोन मीटर, भाव १८० रुपये. बिल ४०५ रुपयांचे हवे, आमच्या गल्ल्यावर ४१४चे निघाले. चार दिवसांनी ध्यानात आले. ओळखीच्या गिऱ्हाइकांना बोलावून पैसे परत केले. रस्त्यावरून आले होते त्यांचे नऊ-नऊ रुपये आमच्याकडे राहिले ते राहिलेच.

"चाचा, आता कोठे ठेवू?" त्याने विचारले. आम्ही म्हणालो, मोठे कारखाने काय करतात ते आधी दाखव.

रीती अनेक निघाल्या. गो भाषेत चाचणीची फाइल कोडच्या शेजारी, त्याच फोल्डरमध्ये असते. तिच्या नावावरून ओळखून तयार मालात तिला घेतले जात नाही. रस्ट भाषेत छोट्या चाचण्या कोडच्याच फाइलीत लिहितात, मोठ्या वेगळ्या फोल्डरमध्ये. लिनक्सच्या गाभ्यासोबत काही चाचण्या आहेत, आणि लिनक्स टेस्ट प्रोजेक्ट हा मोठा संग्रह अगदी स्वतंत्र आहे. एसक्यूलाइटचे लोक तर व्यापारी डोक्याचे. कोड सर्वांना मोकळा, काही चाचण्याही मोकळ्या, पण टीएच३ नावाचा चाचण्यांचा मोठा संच त्यांनी स्वतःच्या कुलपात ठेवला आहे. आम्हाला यात गैर काही वाटले नाही. पोट सर्वांना आहे.

परंतु २०२४ सालचे एक्सझेडचे प्रकरण ऐकून आम्ही सावध झालो. एक्सझेड हे फाइली दाबून लहान करण्याचे खुले साधन. ते तपासण्यासाठी मुद्दाम बिघडवलेल्या फाइली लागतात, आणि त्या चाचणीच्या फोल्डरमध्ये असतात. बिघडलेली फाइल उघडून कोण वाचणार? २०२१पासून काम करून भरवसा मिळवलेल्या एका टोपणनावाच्या माणसाने अशाच फाइलींत चोरवाट दडवली. ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्या बांधताना एक छुपी सूचना ती बाहेर काढून मालात मिसळत असे. ही सूचना वाटपाच्या गाठोड्यात होती, सर्वांना दिसणाऱ्या भांडारात नव्हती. दूरच्या संगणकात शिरण्याच्या एसएसएच या दरवाजाची किल्लीच जणू चोराच्या हाती जाणार होती. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला तेथे शिरताना सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो असे जाणवले, त्याने धागा उसवत नेला आणि २९ मार्च २०२४ रोजी सर्वांना खबर दिली. तोवर माल बहुतांशी कच्च्या, चाचणीच्या आवृत्त्यांतच गेला होता.

पुतण्याला आम्ही सांगितले, चाचण्या कोडच्या घरातच आण, पण वेगळ्या खोलीत. बांधणीला त्या खोलीतून काही उचलू देऊ नको. डोळ्यांनी वाचता येणार नाही अशी फाइल तेथे नको. त्याने नमुना म्हणून आमचीच खरी बिले घातली होती, गिऱ्हाइकांच्या नावा-फोनांसकट! ती तत्काळ काढायला लावली. जुन्या बदलांच्या नोंदीतूनही ती पुसावी लागली, त्यात त्याचे दोन रविवार गेले.

एक मित्र अजून कुरकुरतो की भांडार जड झाले. होऊ दे. बदल आणि त्याची चाचणी आता एकदमच तपासणीला येतात, आणि चाचणी न जोडलेला बदल पुतण्या परत पाठवतो.