गरोदरपणात पॅरासिटामॉल घेतली तर बाळाच्या मेंदूवर परिणाम होतो का? नेमकं काय ते वाचा

कर्जत : लावणीत दिवसभर वाकून कंबर धरते, अंगात कणकण येते. मग मेडिकलमधून 'अंगदुखीची गोळी' आणली जाते. कर्जत-खालापूरच्या वाड्यावस्त्यांवर हे नेहमीचंच. पण घरात गरोदर बाई असेल तर गोळी कोणती, हे आधी बघायला हवं.

भीती कुठून आली?
सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी गरोदरपणातील पॅरासिटामॉलचा संबंध मुलांच्या स्वमग्नतेशी, म्हणजे ऑटिझमशी जोडला. दोनच दिवसांत जागतिक आरोग्य संघटनेने याला ठोस पुरावा नसल्याचं सांगितलं.

अभ्यास काय सांगतो?
स्वीडनमध्ये सुमारे २५ लाख मुलांचा अभ्यास झाला. तो २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. सुरुवातीला किंचित फरक दिसला. मात्र एकाच आईच्या दोन मुलांची तुलना केली, एकाच्या वेळी गोळी घेतलेली आणि दुसऱ्याच्या वेळी नाही, तेव्हा स्वमग्नता किंवा लक्ष न लागण्याचा, अतिचंचलतेचा आजार यात फरक उरला नाही. म्हणजे कारण गोळीपेक्षा घराण्यातून आलेले गुण किंवा आईचं आजारपण असू शकतं.

मग खरा धोका कशात?
आयब्रुफेन, डायक्लोफिनॅक, अॅसिक्लोफिनॅक या गोळ्यांमध्ये. कॉम्बिफ्लाममध्येही पॅरासिटामॉलसोबत आयब्रुफेन असतं. पाचव्या महिन्यानंतर अशा गोळ्यांनी बाळाच्या किडनीवर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकतं. सातव्या महिन्यानंतर बाळाच्या हृदयाजवळची रक्तवाहिनी वेळेआधी बंद होण्याचा धोका असतो.

हे लक्षात ठेवा
• ताप अंगावर काढू नका. जास्त तापही बाळाला घातक ठरतो.
• साधी पॅरासिटामॉल डॉक्टरांना विचारून, लागेल तेवढीच घ्या. सर्दीच्या गोळीतही ती असू शकते, म्हणून दोन्ही एकदम नकोत.
• मेडिकलमध्ये आधीच सांगा, 'बाई गरोदर आहे.' पाकिटावरचं औषधाचं नाव वाचून घ्या.
• डॉक्टरांनी बीपीसाठी कमी डोसची अॅस्पिरिन दिली असेल तर ती मनाने बंद करू नका.
• पाचव्या महिन्यानंतर डोकं फार दुखतंय, डोळ्यांपुढे अंधारी येतेय, तोंड सुजलंय, तर नुसती गोळी देऊन थांबू नका. बीपी वाढलेलं असू शकतं. लगेच दवाखाना गाठा, गाडी नसेल तर १०८ ला फोन करा.

प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर महिलांची मोफत तपासणी होते. घरात चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं त्या दिवशी सोबत न्या आणि डॉक्टरांना किंवा आशाताईंना दाखवा.