जोर शेवटी, वेळ आधी
शेतकऱ्याचे यंत्रघर : लेखांक सातवा

ग्रीसिंग आणि तेलबदलाचे वेळापत्रक आपण गेल्या आठवड्यात पाहिले. ते सांभाळले नाही की ट्रॅक्टरचे काय होते, ते या भागात पाहू. विषय आहे गंजून जाम झालेले भाग आणि ते न मोडता सोडवण्याची रीत.

पुणे–बंगळूर महामार्गावर, कराडला लागून असलेल्या मलकापूरच्या आसपास उसाचे शिवार आहे. सरीतून आंतरमशागत करायला, भर लावायला १५ ते २० अश्वशक्तीचा छोटा ट्रॅक्टर इथे सोयीचा पडतो. सांगली जिल्ह्यात तासगाव-पलूसकडे तोच ट्रॅक्टर द्राक्षबागेत फवारणीचा ब्लोअर ओढतो. हंगाम संपला की तो गोठ्याशेजारच्या शेडमध्ये महिनोन्‌महिने उभा राहतो, आणि गंज धरतो तो या उभ्या काळातच.

लोखंड, ओलावा आणि हवेतला प्राणवायू एकत्र आले की गंज चढतो. क्षार त्याचा वेग वाढवतात. म्युरेट ऑफ पोटॅश हे क्लोराइडयुक्त खत असल्याने त्याची भुकटी बोल्टवर साचली की तो लवकर खराब होतो. बोर्डो मिश्रणातला मोरचूद तर आणखी त्रासदायक, कारण त्यातले तांबे लोखंडावर बसते आणि लोखंड झिजत जाते. मुळात गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट जागा व्यापतो. नट आणि बोल्टच्या आट्यांमधल्या बारीक फटीत तो फुगतो आणि दोघांना जखडून टाकतो. म्हणून नट जाम झाल्यावर नुसता जोर लावला तर गंज सुटायच्या आधी बोल्ट तुटतो.

मग करायचे काय? आधी तारेच्या ब्रशने आटे स्वच्छ करा, म्हणजे तेलाला आत शिरायला वाट मिळेल. मग गंज सोडवणारे पातळ तेल सोडा. ते नसेल तर डिझेलमध्ये थोडे इंजिन ऑइल मिसळा. पेट्रोल मात्र कधीच वापरू नका. तेल सोडून रात्रभर थांबा, सकाळी पुन्हा सोडा. मधून मधून हातोडीने नटाच्या बाजूवर ठोका. त्या कंपनाने गंजाला चिरा पडतात आणि तेल खोल जाते. ठोकताना नटाच्या दुसऱ्या बाजूला जड हातोडा टेकवून धरला तर बोल्ट वाकत नाही.

पाना लावताना सहा पैलूंचा रिंग पाना किंवा गोटी पाना घ्या. स्पॅनर घसरून नटाचे कोपरे गोल झाले की काम दुप्पट वाढते. नट सोडण्याआधी किंचित आवळून पाहा. गंजाची पकड बऱ्याचदा त्या उलट हालचालीने तुटते. नट हलला की एकदम फिरवू नका. पाव फेरा सोडा, थोडा परत आवळा, तेल घाला, पुन्हा सोडा. टॉप लिंकच्या एका टोकाचे आटे उलटे असतात, तेव्हा जोर करण्याआधी कोणत्या बाजूला फिरवायचे ते पाहून घ्या.

तेलाने काम झाले नाही तर उष्णता वापरावी. २० मिलिमीटर व्यासाचे छिद्र २०० अंश सेल्सिअसने तापवले की सुमारे ०.०५ मिलिमीटर रुंदावते. आकडा लहान वाटतो, पण गंजाची पकड मोडायला तेवढे पुरते. म्हणून तापवायचा तो नट, बोल्ट नव्हे. तापलेल्या आट्यांना मेणबत्ती टेकवली की मेण वितळून आत ओढले जाते आणि वंगणाचे काम करते. टॉर्च लावण्यापूर्वी आधीचे तेल नीट पुसून घ्या. डिझेल टाकी, रबरी सील आणि बेअरिंग यांच्याजवळ ज्योत नेऊ नका. टायर चढवलेल्या चाकाचे नट तर कधीच तापवू नका, कारण आतली हवा आणि रबर तापून टायर फुटू शकतो आणि माणसाचा जीव जातो. डोक्यावर ८.८ असा आकडा असलेला बोल्ट लाल होईपर्यंत तापला असेल, तर त्याची ताकद गेली असे समजून त्याच दर्जाचा नवा घाला.

तुटलेल्या स्टडवर नट वेल्ड करून तो फिरवण्याची रीत गावोगावचे मेस्त्री वापरतात. वेल्डिंगच्या उष्णतेने स्टड सैल होतो आणि पाना धरायला डोकेही मिळते.

इंजिन जाम झाले असेल तर सावधगिरी आणखी हवी. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरांत कृष्णाकाठची यंत्रे पाण्यात गेली. बुडालेल्या ट्रॅक्टरला स्टार्टर मारू नये, ओढूनही चालू करू नये. सिलिंडरमधले पाणी दाबले जात नाही, त्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकतो. इंजेक्टर काढा, पाणी बाहेर येऊ द्या, सगळी तेले बदला. पिस्टनच्या रिंगा लायनरला गंजून धरल्या असतील तर डिझेल-तेलाचे मिश्रण सिलिंडरमध्ये सोडून काही दिवस मुरू द्या आणि फ्लायव्हील हाताने मागे-पुढे हलवत राहा. तरीही इंजिन हलले नाही तर हेड उघडण्याचे काम मेस्त्रीकडे द्या.

१९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी किर्लोस्करवाडी वसवली आणि तिथला लोखंडी नांगर या भागातल्या शेतात पोचला. तेव्हापासून गंज हा इथल्या शेतीचा नेहमीचा शत्रू आहे, आणि त्याला रोखणे सोडवण्यापेक्षा स्वस्त पडते. फवारणी आणि खतकाम झाल्यावर ट्रॅक्टर धुऊन कोरडा करा. नट बसवताना आट्यांना ग्रॅफाइट किंवा तांब्याचे ग्रीस लावा. पंधरा दिवसांतून एकदा इंजिन चालू करून क्लच दाबा, म्हणजे क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटणार नाही.

शेडमध्ये ट्रॅक्टर उभा असेल तर या आठवड्यात एवढे करा : टॉप लिंक फिरवून पाहा, लिफ्टच्या पिना हलवून पाहा, चाकाच्या नटांना तेल लावा. जे आज हाताने हलते, ते पावसाळ्यानंतर हलेल याची खात्री नाही.

पुढील भागात : हायड्रॉलिक लिफ्ट वर उचलली जात नाही, तेव्हा दोष कुठे शोधावा?