अपडेट झालं आणि बिल प्रिंटर बसला? फॉरमॅट मारायच्या आधी हे वाचा

जून महिना आहे, दोन दिवस चांगला पाऊस पडलाय आणि जालन्याच्या मोंढ्यात बियाण्याच्या दुकानासमोर सकाळी दहालाच शेतकरी उभे आहेत. तुम्ही बिल बनवता, एंटर दाबता आणि प्रिंटरमधून कागदच येत नाही. स्क्रीनवर काहीतरी इंग्रजी एरर. मागून आवाज येतो, "मालक, गाडी लावून आलोय, लवकर करा." आणि तुमच्या तोंडून एकच वाक्य निघतं, "काल रात्रीपर्यंत तर चालू होतं!"

हे वाक्य लक्षात ठेवा, कारण निम्मं उत्तर त्यातच आहे. काल चालू होतं, आज नाही. मग मधल्या वेळात बदललं काय? प्रिंटर तर जागचा हललाही नाही. बदललं ते कॉम्प्युटरच्या आत, बहुतेक वेळा विंडोज अपडेटमुळे.

मी हे शिकलो ते पैसे मोजून. दुकान सुरू केलं त्या पहिल्याच वर्षी माझा थर्मल प्रिंटर असाच बंद पडला. दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने पाच मिनिटं बघितलं आणि म्हणाला, "विंडोज गेलंय, फॉरमॅट मारावं लागेल." मी म्हटलं, मारा. बॅकअप कुठे आहे हे त्याने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही, कारण बॅकअप त्याच सी ड्राइव्हमध्ये होता! चार महिन्यांची बिलं आणि उधारीची यादी साफ. गंमत म्हणजे फॉरमॅटनंतरही प्रिंटर चालला नाही. दोष पोर्टचा होता, दोन क्लिकचं काम. उधारी किती बुडाली ते मला अजूनही नीट माहीत नाही, कारण मोजायला यादीच उरली नव्हती.

म्हणून आज फक्त याच विषयावर. व्हिडिओत स्क्रीन दाखवली आहे, इथे जरा सविस्तर लिहितो.

आधी हे समजून घ्या

ड्रायव्हर म्हणजे दुभाषी. विंडोज एक भाषा बोलतं, प्रिंटर दुसरी. मधला माणूस म्हणजे ड्रायव्हर. अपडेटमध्ये विंडोजने बोलण्याची पद्धत बदलली आणि दुभाष्याला ते कळलं नाही की काम थांबतं. प्रिंटर चांगला असतो, कॉम्प्युटरही चांगला असतो.

हे फक्त आपल्याच नशिबाला येतं असं समजू नका. मार्च २०२१ मध्ये, म्हणजे आपल्याकडे मार्च एंडची घाई असताना, ९ तारखेला विंडोज १० चं अपडेट आलं आणि काही कंपन्यांच्या प्रिंटरवर प्रिंट दिली की कॉम्प्युटर थेट निळा पडून बंद व्हायला लागला. मायक्रोसॉफ्टला आठवड्याच्या आत दुसरं अपडेट काढावं लागलं. त्याच वर्षी ६ जुलैला सुरक्षेसाठी तातडीचं अपडेट आलं, केबी५००४९४५. त्यानंतर जगभर यूएसबीवर चालणारे कितीतरी पावतीचे आणि लेबलचे प्रिंटर गप्प झाले. म्हणजे नेमके दुकानाच्या काउंटरवरचे! जानेवारी २०२५ च्या शेवटी आलेल्या अपडेटनंतर तर काही यूएसबी प्रिंटर आपोआप अगम्य इंग्रजी अक्षरांचे कागद ओकायला लागले. ते मार्चमध्ये दुरुस्त झालं. त्या काळात नवा प्रिंटर घेणाऱ्याचे पैसे फुकट गेले असते, कारण बिघाड प्रिंटरमध्ये नव्हताच.

जुलै २०२१ ची आणखी एक गोष्ट कामाची आहे. मायक्रोसॉफ्टने तेव्हा अपडेटमधला फक्त बिघडलेला भाग दुरूनच मागे घेतला. घरगुती आणि छोट्या दुकानांच्या मशीनवर ही दुरुस्ती आपोआप पोहोचते, त्याला २४ तासांपर्यंत वेळ लागू शकतो आणि मशीन रिस्टार्ट केलं तर ती लवकर लागू होऊ शकते. म्हणजे कधी कधी नेट चालू ठेवून एक दिवस थांबणं हाच सगळ्यात स्वस्त उपाय असतो.

गिऱ्हाईक उभं असताना काय करायचं

आधी एररचा मोबाईलवर फोटो काढा. घाईत ओके दाबून एरर घालवतो आणि नंतर कोणालाही सांगता येत नाही की नेमकं काय लिहिलं होतं.

मग रिस्टार्ट करा. शटडाऊन करून परत चालू करणं वेगळं बरं का! विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाऊन केल्यावरही आतलं काही सामान झोपवून ठेवलेलं असतं आणि तेच परत उठवलं जातं. रिस्टार्टमध्ये सगळं नव्याने सुरू होतं. "मी तर तीनदा बंद-चालू केलं" असं सांगणाऱ्यांचा प्रिंटर एका रिस्टार्टमध्ये चाललेला मी पाहिलाय.

नाही चाललं तर पोर्ट बघा. माझे चार महिने गेले ते इथेच. यूएसबी प्रिंटर लावला की विंडोज त्याला एक पोर्ट देतं, समजा यूएसबी००१. अपडेटनंतर किंवा वायर दुसऱ्या खोबणीत घातल्यावर तेच यूएसबी००२ होऊ शकतं. मग यादीत त्याच प्रिंटरच्या नावापुढे 'कॉपी १' असं दुसरं नाव दिसतं आणि तुमचं बिलिंग सॉफ्टवेअर मात्र जुन्याच नावाकडे बिलं पाठवत राहतं. प्रिंटर प्रॉपर्टीजमध्ये पोर्ट्स टॅब उघडा, दुसऱ्या यूएसबी पोर्टवर टिक करून टेस्ट पेज काढा. आणि वायर हबमध्ये असेल तर काढून थेट कॉम्प्युटरला लावा.

इतकं करूनही गाडी अडली तर डिव्हाइस मॅनेजर उघडा. स्टार्ट बटणावर राइट क्लिक केलं की यादीत दिसतो. पिवळा त्रिकोण ज्याच्यावर असेल त्यावर डबल क्लिक करा, आत एक कोड नंबर लिहिलेला असतो. २८ असेल तर ड्रायव्हर बसलेलाच नाही. ३९ म्हणजे ड्रायव्हरची फाइल खराब झाली किंवा हरवली. ५२ म्हणजे विंडोजला ड्रायव्हरची डिजिटल सही पटत नाही, जुन्या डिव्हाइसच्या बाबतीत हे होतं. १० म्हणजे डिव्हाइस सुरूच होत नाही. ४३ मात्र वेगळा आहे, डिव्हाइसनेच काहीतरी बिघडल्याचं कळवलंय, म्हणून आधी वायर बदला आणि तेच डिव्हाइस दुसऱ्या कॉम्प्युटरवर लावून बघा. तिथेही ४३ आला तर डिव्हाइस खरंच गेलेलं असू शकतं. बाकी कोडवर लगेच नवी खरेदी करू नका.

आता त्याच खिडकीत ड्रायव्हर टॅबमध्ये 'रोल बॅक ड्रायव्हर' हे बटण आहे. ते दाबता येत असेल तर दाबा, आधीचा ड्रायव्हर परत येतो. ते फिकट दिसत असेल तर आधीचा ड्रायव्हर मशीनवर शिल्लक नाही. मग डिव्हाइस अनइन्स्टॉल करा, रिस्टार्ट करा आणि कंपनीच्या ड्रायव्हर फाइलवर राइट क्लिक करून 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' ने परत बसवा. जुलै २०२१ मध्ये लेबल प्रिंटरवाल्यांना हाच उपाय सांगितला गेला होता.

सगळ्यात शेवटी अपडेटच काढायचं. सेटिंग्ज, विंडोज अपडेट, अपडेट हिस्ट्री. आधी तारीख बघा. काल-परवाचं अपडेट असेल तरच खाली 'अनइन्स्टॉल अपडेट्स' मध्ये जा. तारीख महिन्यापूर्वीची असेल तर अपडेट निर्दोष आहे, चोर दुसरीकडे शोधा. आणि विंडोजची पूर्ण नवी आवृत्ती बसली असेल तर साधारण १० दिवसांतच 'गो बॅक' करता येतं, नंतर तो रस्ता बंद होतो.

दोन कॉम्प्युटर आणि एकच शेअर केलेला प्रिंटर असं ज्यांचं आहे त्यांना शेवटी ११बी असलेला एरर दिसू शकतो. सप्टेंबर २०२१ च्या अपडेटनंतर तो खूप गाजला. सुरक्षेचा नियम कडक झाला आणि एक मशीन अपडेट झालेलं, दुसरं मागे राहिलेलं असलं की दोघांचं जमेना. दोन्ही मशीन अपडेट करा. रजिस्ट्रीत एक आकडा बदलण्याचा उपाय नेटवर सगळीकडे फिरतो, पण त्याने ती सुरक्षाच बंद होते.

सेवा केंद्रवाल्यांसाठी थोडं वेगळं

अंबड, परतूर, भोकरदन, घनसावंगी, कुठेही जा, आपले सरकार सेवा केंद्र चालवणाऱ्यांचं पोट अंगठ्याच्या मशीनवर आहे. पीक विम्याच्या शेवटच्या दिवसांत हे मशीन बंद पडलं तर बाहेर काय होतं हे मी सांगायला नको.

इथे दोन गोष्टी असतात, ड्रायव्हर आणि आरडी सर्व्हिस. डिव्हाइस मॅनेजरमध्ये मशीन व्यवस्थित दिसतंय, पिवळा त्रिकोण नाही, तरी पोर्टल म्हणतं 'डिव्हाइस नॉट फाउंड'. मग ड्रायव्हरच्या मागे लागू नका. ब्राउझर तुमच्याच कॉम्प्युटरवर १११०० ते १११२० या पोर्टमध्ये आरडी सर्व्हिसला शोधत असतो. अपडेटनंतर ती सर्व्हिस थांबलेली असते किंवा अँटिव्हायरसने अडवलेली असते. सर्व्हिसेसच्या यादीत तुमच्या कंपनीची आरडी सर्व्हिस शोधा, रिस्टार्ट करा आणि स्टार्टअप टाइप ऑटोमॅटिक ठेवा.

डीटीपी आणि लग्नपत्रिकांचं काम करणाऱ्यांनी एक तपासा. जुन्या सॉफ्टवेअरचा डोंगल नव्या विंडोजवर ओळखला जात नसेल तर विंडोज सिक्युरिटीमध्ये डिव्हाइस सिक्युरिटी आणि तिथे कोअर आयसोलेशन उघडा. 'मेमरी इंटिग्रिटी' चालू असेल तर जुने ड्रायव्हर अडवले जाऊ शकतात. ते बंद करण्याआधी कंपनीकडे नवा डोंगल ड्रायव्हर मागा.

आणि 'तुमचे सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये अपडेट' म्हणणारी सॉफ्टवेअर घेऊ नका, फुकट मिळाली तरी. चालू असलेला ड्रायव्हर बदलून ठेवतात आणि सोबत नको त्या वस्तू घालतात. डिव्हाइसच्या बुडाला स्टिकरवर मॉडेल नंबर असतो, त्यावरून कंपनीच्या साइटवरूनच ड्रायव्हर घ्या. बिननावाच्या स्वस्त थर्मल प्रिंटरला साइटच सापडत नाही, सोबत सीडी मिळते आणि लॅपटॉपला सीडी ड्राइव्ह नसतो! म्हणून खरेदी करतानाच दुकानदाराकडून ड्रायव्हरची फाइल पेनड्राइव्हमध्ये घ्या. पैसे देण्याआधी.

अपडेट बंदच करून टाकू का?

प्रत्येक बॅचमध्ये हा प्रश्न येतो. नाही. ६ जुलै २०२१ चं ते तातडीचं अपडेट का आलं होतं? विंडोजच्या प्रिंट स्पूलरमध्येच असं भोक सापडलं होतं की त्यातून घुसणाऱ्याला पूर्ण मशीनचा ताबा मिळू शकत होता. प्रिंटनाइटमेअर म्हणतात त्याला. ज्या काउंटरवर तुम्ही नेट बँकिंग करता, ते मशीन उघडं ठेवणार का? विंडोज १० वाल्यांनो, त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ लाच संपलाय, तेही लक्षात असू द्या.

अपडेट घ्यायचं, पण आपल्या वेळेला. मायक्रोसॉफ्टचं मुख्य मासिक अपडेट महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतं, आपल्याकडे रात्री साडेदहा-साडेअकराला. म्हणजे बुधवारी सकाळी तुम्ही शटर उघडता तेव्हा ते दारात उभं असतं. त्या आठवड्यासाठी 'पॉज' करा. जगभर काही बिघडलं तर आठवड्यात कळतं. पाच आठवड्यांपर्यंत पॉज करता येतं, पण मी एकच आठवडा करतो आणि मग दुकान बंद झाल्यावर रात्री अपडेट घेतो, टेस्ट बिल काढतो आणि मगच घरी जातो. 'ऑप्शनल अपडेट्स' मधल्या ड्रायव्हरवर, डिव्हाइस नीट चालत असेल तर, टिक करायची नाही. 'प्रीव्ह्यू' लिहिलेलं अपडेटही काउंटरच्या मशीनवर नको.

तरीही एक दिवस अडणारच. १९ जुलै २०२४ आठवतंय? क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेट फाइलमुळे तिचा ड्रायव्हर कोसळला आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख विंडोज मशीन निळी पडली. आपल्या देशात विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले, पण प्रवासी विमानात बसले. तसं तुमच्याकडे बिलबुक हवं. जीएसटीत बिल नंबरच्या एकापेक्षा जास्त मालिका चालतात, फक्त नंबर त्या आर्थिक वर्षात परत यायला नको आणि १६ अक्षरांच्या आत हवा. म्हणून हातबिलाची मालिका वेगळी छापून घ्या, 'एच' ने सुरू होणारी वगैरे. संध्याकाळी प्रिंटर सुरू झाला की ती बिलं त्याच नंबराने सॉफ्टवेअरमध्ये चढवा. मालिका वेगळी असल्यामुळे नंबरांचा घोळ होत नाही. तुमच्या सीएला एकदा दाखवून ठेवा.

माझ्या गल्ल्याखालच्या ड्रॉवरमध्ये आता एक बिलबुक, दोन कार्बन पेपर आणि एक लाल पेनड्राइव्ह असतो. पेनड्राइव्हमध्ये प्रिंटर, स्कॅनर आणि अंगठ्याच्या मशीनचे ड्रायव्हर आहेत, आणि मशीनवरचे सगळे ड्रायव्हर एका कमांडने काढलेली प्रत. ती कमांड व्हिडिओत सातव्या मिनिटाला स्क्रीनवर आहे, तिथून बघून जशीच्या तशी टाइप करा. बिलिंगचा बॅकअप मात्र त्या पेनड्राइव्हमध्ये ठेवत नाही. तो रोज रात्री घरी येतो.